बिनकामाच्या रविवारसाठी अर्ज

प्रति,
मा. पालकमंत्री, चंद्रपूर जिल्हा
मा. पालकमंत्री, गडचिरोली जिल्हा

विषय : नोकरी करणाऱ्या मुलींच्या रविवारबाबत.

महोदय,


पत्र दोघांना एकत्र लिहिण्याचं कारण साधं आहे. माझं घर आरमोरी तालुक्यात, नोकरी चंद्रपुरात आणि भाड्याची खोली तुकूमला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण कागदावर जिल्हे वेगळे झाले तरी सोयरिकी, दवाखाने आणि नाटकं काही वेगळी झाली नाहीत. आमच्याकडची मुलगी शिकायला, नोकरीला आजही वैनगंगा ओलांडून चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठते. तेव्हा हा अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर ठेवायचा, ते आपण आपसात ठरवावं.

अर्ज नोकरीचा नाही, हे आधीच सांगून टाकते. रस्त्याचा, पुलाचा, नळाचाही नाही. मी एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी रक्ताचे नमुने, दुपारी रिपोर्ट, संध्याकाळी सहानंतर मोकळी. रविवारी सुटी. या मोकळ्या वेळात मला कुठं जाता येतं, तिथं किती वेळ बसता येतं आणि परत कसं येता येतं, एवढ्यापुरताच हा अर्ज आहे.

वाघ माणसं मारतोय, धान खरेदीविना पडून आहे, पोरांच्या हाताला काम नाही, आणि हिला फिरायला जागा पाहिजे! हे आपल्या मनात आलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, घरी मी ते बरेचदा ऐकलेलं आहे. तरी लिहिते, कारण आमच्या वयाच्या हजारो मुली या दोन जिल्ह्यांतून शिकून कमावत्या झाल्या आणि त्यांच्या रिकाम्या वेळेचा विचार अजून कुठल्याही आराखड्यात दिसत नाही. पर्यटकाच्या सुटीचा विचार दिसतो. आमच्या सुटीचा नाही.

चंद्रपुरातला आमचा दिवस स्कार्फनं सुरू होतो. डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड-डोकं गुंडाळायचं आणि मगच गाडीला किक मारायची. बाहेरगावच्या पाहुण्यांना ती फॅशन वाटते. गच्चीवर वाळत घातलेला पांढरा कुर्ता संध्याकाळी झटकूनच घडी करावा लागतो. ती काळी भुकटी कोळशाची, राखेची की रस्त्याची, यावर शहरात ज्याचं त्याचं मत पक्कं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर चौथं आलं होतं. शाळेत चौथा नंबर आला की घरी पेढे आणतात. इथं आम्ही स्कार्फ आणला.

धुळीपेक्षाही आमचं वेळापत्रक ठरवतं ते ऊन. एप्रिलपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच शहर दारं लावून बसतं. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या घरात जातो आणि देशातल्या सर्वांत तप्त गावांच्या यादीत चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी आलटून-पालटून झळकतात. म्हणजे वर्षातले निदान तीन महिने इथं उजेड असतो तेव्हा बाहेर बसवत नाही, आणि बसवतं तेव्हा उजेड नसतो. पुण्या-मुंबईत बागेतले दिवे ही शोभा असेल. चंद्रपुरात ती गरज आहे, कारण आमची बाग सूर्य मावळल्यावरच सुरू होते. हे गणित ज्यांनी वेळा ठरवल्या त्यांनी कधी मांडलं असेल असं मला वाटत नाही.

माझे छंद दोन, दोन्ही स्वस्त. चित्रं काढते आणि पक्षी बघते. चित्रांसाठी आमच्या शहराइतकं श्रीमंत शहर विदर्भात दुसरं नाही, हे मी भांडून सांगेन. गोंडराजांचा सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. सशानं कुत्र्याचा पाठलाग केला आणि त्या वाटेवर खांडक्या बल्लाळशाहानं कोटाची आखणी केली, ही गोष्ट इथलं प्रत्येक पोर सांगतं. राणी हिराईनं नवऱ्याच्या, बीरशहाच्या, आठवणीत बांधलेली समाधी अंचलेश्वराजवळ आहे. बायकोसाठी बांधलेल्या इमारतीचं कौतुक जगभर होतं. नवऱ्यासाठी बांधणारी राणी आमच्याकडे आहे, आणि तिच्या आवारात रविवारी दुपारी मी आणि काही कबुतरं एवढेच असतो.

या परकोटावर झाडोरा माजला होता. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे आणि त्यांचे सहकारी रोज पहाटे विळे-फावडी घेऊन निघाले आणि महिनोन्‌महिने त्यांनी तो साफ केला. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. त्यामुळे भिंतीवर चालता येऊ लागलं, बुरुजावर चढता येऊ लागलं. मी वहीत बगड खिडकीची कमान काढली ती अशाच एका सकाळी. सकाळी, हे महत्त्वाचं. दिवस कलला की त्याच बुरुजाच्या आडोशाला दुसरी मंडळी येतात. जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, २०२१ मध्ये ती उठली. दोन्ही काळात तिथं रिकाम्या बाटल्या दिसत आल्या आहेत, त्यामुळे त्या वादात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की अंधारी जागा रिकामी राहत नसते. आम्ही तिथं नसलो की दुसरं कुणीतरी असतं.

पक्ष्यांसाठी रामाळा तलाव. शहराच्या मधोमध असलेलं हे पाणी टिकावं म्हणून इथल्या लोकांनी उपोषणं केली आहेत. पहिल्या बोनसमधून घेतलेली दुर्बीण घेऊन मी काठावर उभी राहते. टिबुकली बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येते, वारकरी पांढरं कपाळ मिरवत हिंडत असतो. कमळपक्षी तर पानावरून असा चालतो की पाय बुडतील अशी आपल्यालाच भीती वाटावी. हे सगळं बघायला अर्धा तास एका जागी उभं राहावं लागतं. आणि एका जागी अर्धा तास उभी राहिलेली मुलगी या शहराला खटकते. कुणी विचारतं, 'मॅडम, कोणी येणार आहे का?' कुणी न विचारताच शेजारी येऊन उभं राहतं. चालत राहिलेल्या मुलीला कुणी काही म्हणत नाही.

आता मुद्द्यावर येते. आमच्या भागात बाईनं बाहेर पडण्याला हरकत कधीच नव्हती. हरकत आहे ती काम नसताना बाहेर पडण्याला. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचा सडा पडतो तेव्हा माझी आई पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन जंगलात जाते. तिला कुणी अडवत नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (अळंबी), हिवाळ्यात सरपण. डोक्यावर भारा असेल तर बाई जंगलात कितीही आत जाऊ शकते. त्याच पांदणीनं मी गळ्यात दुर्बीण अडकवून निघाले की ओट्यावरून आवाज येतो, 'काहून वो पोरी, तिकडं काय काम हाय?' काम काहीच नसतं. नीलपंख बघायचा असतो.

आणि काम असलं म्हणजे बाई सुरक्षित असते, असंही नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या बिनकामाच्या फिरत नव्हत्या. घरी मीठ-मिरची आणायला गेल्या होत्या. तेव्हा 'मुलींनी उगाच भटकू नये, धोका असतो' असं कुणी म्हटलं की मला त्या तिघी आठवतात. धोका आहे ना? मग तो आधी कामाच्या वाटेवरचा कमी करा. आमच्या फिरण्याचं पुढं बघू. पण धोक्याचं कारण फक्त फिरण्यालाच दाखवायचं, हे पटत नाही. आणि बिनकामाच्या बाया म्हणाल, तर चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी देवळांच्या भिंतीभर दगडातल्या बाया उभ्या आहेत, नटलेल्या, मुरडलेल्या, हाताला काहीही काम नसलेल्या. शेकडो वर्षं झाली, त्यांना कुणी काहून म्हटलं नाही.

आपल्याला वाटेल, ही मुलगी शहरी हवा लागल्यामुळं असं बोलते. उलट आहे. रात्री घराबाहेर निवांत बसणं मी शहरात शिकले नाही, गावात शिकले. झाडीपट्टीच्या नाटकाला.

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक मंडळांची कार्यालयं आहेत. गावकरी तिथं जाऊन तारखा ठरवून येतात. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या जगाला या रंगभूमीचं नाव कळलं, आम्हाला ती पाळण्यात असल्यापासून माहीत. नाटक रात्री दहा-साडेदहाला उभं राहतं आणि पहाटे कोंबड्याच्या सुमारास आटोपतं. बाया घरचं आवरून, लेकरांना कानटोप्या घालून, काखेत ब्लँकेट घेऊन येतात. माझ्या आजीला खुर्चीचं तिकीट कधी आवडलं नाही. ती खाली पुढची जागा धरायची, सोबत मुरमुऱ्यांची पिशवी आणि पानाचा डबा. रात्री दोनला नायिकेवर आभाळ कोसळलं की आजीच्या ओळीतल्या सगळ्या बायांचा पदर डोळ्याला. पाच मिनिटांनी विनोदी नट आला की त्याच बाया एकमेकींच्या मांडीवर थाप मारून हसायच्या. खलनायकाला तर शिव्या देण्याची मुभाच. मधल्या वेळात मी आणि माझी मावसबहीण मांडवाबाहेर जाऊन गरम आलूबोंडा खायचो, शेकोटीवर हात शेकायचो, नट मेकअप करून बसलेले फटीतून बघायचो. रात्रीचे दोन वाजलेले, कडाक्याची थंडी, आम्ही दोघी कॉलेजातल्या पोरी. आणि कुणीही विचारत नव्हतं की इथं काय काम आहे.

हे का जमतं, यावर मी बराच विचार केलाय. गावचे लोक फार सुधारलेले आहेत म्हणून नाही. त्याच गावात दिवसा मला दुर्बिणीवरून टोकतात. पिऊन आलेले लोक तिथंही असतात. पण मांडवात लखलखीत उजेड असतो. बाया शेकड्यांनी असतात. चहाची, बोंड्याची दुकानं शेवटच्या अंकापर्यंत उघडी असतात. गोंधळ घालणाऱ्याला धरून बाजूला न्यायला मंडळाची दहा पोरं उभी असतात. आणि नाटक संपल्यावर आम्हाला कुठं लांब जायचं नसतं, त्याच गावात मावशीकडं पाय पसरायला जागा असते. उजेड, सोबत, उघडी दुकानं, लक्ष ठेवणारं माणूस, परतीची खात्री. एवढं असलं की झाडीपट्टीतली सत्तर वर्षांची आजी रात्रभर घराबाहेर राहते. एवढं नसलं की चंद्रपुरातली कमावती मुलगी सातला खोलीवर असते.

शहरात हे सगळं एका जागी कुठं मिळतं, ते सांगितलं तर आपण हसाल. रेल्वे स्टेशनवर. चंद्रपूर आणि बल्लारशाह स्थानकांना २०१८ मध्ये देशातल्या सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. भिंतीभिंतीवर वाघ, जंगल, आदिवासी चित्रं रंगवलेली आहेत. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. मी आणि माझी रूममेट कधीकधी संध्याकाळी कुठल्याही गाडीला जायचं नसताना तिथं जाऊन बसतो. बाकडं आहे, दिवे आहेत, स्वच्छतागृह आहे, चहा आहे, पोलीस आहे, पोरंबाळं घेतलेल्या बाया आहेत. मी भिंतीवरचा वाघ वहीत उतरवते, ती फोनवर सिनेमा बघते. कुणी विचारलंच तर 'गाडी लेट आहे' हे उत्तर चंद्रपुरात कुणालाही पटतं. एखाद्या शहरातल्या मुलींना निवांत बसण्यासाठी प्रवासाला निघाल्याचं सोंग करावं लागत असेल, तर त्या शहराच्या नियोजनात काहीतरी राहून गेलंय.

रविवारच्या सहलीचं म्हणाल तर ताडोबा आम्हाला जवळ आहे आणि लांबही. सहा जणी मिळून जिप्सी, गाइड, प्रवेश असा हिशेब केला तरी वर्षातून एकदाचीच चैन. त्याबद्दल तक्रार नाही, जंगल सगळ्यांनी रोज तुडवावं असं मला वाटतही नाही. तिथं मोहर्लीला महिला गाइड झाल्या आहेत, हे बघून फार बरं वाटलं; गणवेशातली गावची बाई नागपूर-मुंबईच्या साहेबांना गप्प बसायला सांगते, ते दृश्य तिकिटाच्या पैशांत वसूल आहे. जुनोन्याच्या तलावावर, जिथं गोंडकालीन जलमहालाचे अवशेष आहेत, अंधार पडल्यावर मी स्वतःहून थांबणार नाही. जंगलातली रात्र वाघाची आहे. मी मागतेय ती शहरातली संध्याकाळ आणि आडगावची दुपार.

त्या दुपारसाठी जागा भरपूर आहेत. भद्रावतीची विजासन लेणी, नागभीडकडचा घोडाझरी तलाव, सावलीजवळचा असोलामेंढा, मार्कंडा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि त्या एका निर्णयानं आमच्या पोरींना जितकं हिंडवलं तितकं कुठल्याही भाषणानं हिंडवलं नसेल. माझ्या आईनं पहिल्यांदा निव्वळ हौस म्हणून पंढरपूरची बस धरली ती या अर्ध्या तिकिटावर. पण तिकीट अर्धं करून भागत नाही, परतीची गाडीही लागते. दुपारनंतर आडवळणाच्या ठिकाणाहून परतायचं म्हणजे काळीपिवळीत मांडीला मांडी लावून बसायचं किंवा कुणाच्या तरी भावाला फोन करायचा. आणि भावाला फोन केला की ती सहल त्याच्या सोयीची होते. स्वच्छतागृहाचं तर लिहायलाच नको. आम्ही सकाळपासून पाणी कमी पितो, मेच्या उन्हातसुद्धा. मी लॅबमध्ये रोज लघवीच्या तपासण्या करते. पाणी कमी पिण्याचा परिणाम कुठं दिसतो, ते मला रिपोर्टवर सही होण्याआधीच कळतं.

गडचिरोलीच्या मैत्रिणींचं तर याहून कठीण. सिरोंचा ते गडचिरोली दोनशे किलोमीटरहून जास्त. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात कित्येक वर्षं रेल्वे स्टेशन एकच, वडसा. भामरागडला तीन नद्यांचा संगम आहे, सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते, कमलापूरला हत्ती आहेत. बाहेरचे लोक यूट्यूबवर बघून येतात. तिथल्या आश्रमशाळेत शिकवणारी मैत्रीण मला सांगते की तिच्या रविवारी कपडे धुणं आणि छतावर जाऊन रेंज शोधणं, एवढंच होतं.

आता मागण्या. आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात आणि जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्के निधी महिला व बालविकासासाठी ठेवायचा, असा शासनाचाच निर्णय आहे. त्या निधीतून शिलाई मशीन वाटू नका असं मी म्हणत नाही, पण सगळी योजना आम्हाला कामालाच लावणारी का असावी? परकोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. त्यांची परवानगी घेऊन जटपुऱ्यापासून निदान एका बाजूचा टप्पा दिव्यांनी उजळा आणि तिथं दोन महिला रखवालदार नेमा. उन्हाळ्यात बागा रात्री दहापर्यंत उघड्या राहू द्या. सहलीच्या प्रत्येक ठिकाणी एक स्वच्छतागृह, पण आतून कडी लागणारं, नळाला पाणी असणारं आणि ते धुणाऱ्या बाईला महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारं. नुसतं फीत कापलेलं नको. रविवारी घोडाझरी, भद्रावती, मार्कंडा या तीन ठिकाणांहून संध्याकाळी परतीची एक-एक बस, आणि तिची वेळ फलकावर लिहिलेली. मोहर्लीच्या महिला गाइडना सफारी बंद असेल त्या दिवसांत शहरात बोलवा, रामाळ्यावर आणि परकोटावर त्यांच्यामागून चालायला आम्ही पैसे देऊन येऊ. यातलं काहीही कोटींत जाणारं नाही.

या विषयावर बैठक घेतलीत तर आम्हालाही बोलवा. मुलींच्या सोयीसुविधांवरच्या बैठकीत मुली असाव्यात, एवढी अपेक्षा जास्त नसावी. रविवारी ठेवली तर कुणाला रजा टाकावी लागणार नाही. फक्त चारच्या आत संपवा, आरमोरी-वडशाकडच्या पोरींना परतीची गाडी धरायची असते.

कळावे,
आपली,
तुकूम, चंद्रपूर येथे खोली करून राहणारी, आरमोरी तालुक्यातली एक मतदार